नळाच्या पाण्यातील क्लोरीन : शत्रू की राखणदार?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. माधव नगरातील एका परिचित कुटुंबातील आजी आपल्या चौदा महिन्यांच्या नातवाला लसीकरणासाठी घेऊन आल्या होत्या. लस टोचून झाली, बाळाचे रडणे थांबले आणि निघता निघता आजींनी विचारले, "डॉक्टरसाहेब, आठ दिवस झाले, नळाच्या पाण्याला औषधाचा भलता वास येतो आहे. एवढ्याशा जिवाला ते पाणी पाजावे की नाही?" बाहेर रुग्णांची रांग होती. मी फारसा विचार न करता उत्तर दिले, "पाणी रात्रभर उघडे ठेवा, वास उडून जाईल. मग खुशाल पाजा."

नवव्या दिवशी तेच बाळ माझ्यापुढे आले ते डोळे खोल गेलेल्या, टाळू बसलेल्या अवस्थेत. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर ती हळूहळू मागे जात होती. रात्रीतून जुलाबांची गणती कोणी ठेवू शकले नव्हते. सलाईन लावले, पुढे जलसंजीवनी सुरू केली आणि तिसऱ्या दिवशी बाळ आईच्या कडेवर हसू लागले. सुदैव! परंतु त्यांच्या घरी पाणी कसे ठेवले जाते याची चौकशी केली तेव्हा मला जे कळले त्याने मी ओशाळलो. माझा सल्ला शिरोधार्य मानून त्या कुटुंबाने पिण्याचे पाणी रुंद तोंडाच्या पातेल्यात रात्रभर उघडे ठेवण्यास सुरुवात केली होती, आणि दिवसभर त्याच पातेल्यात प्रत्येक जण पेला बुडवीत असे. त्या आजारास तेच पाणी कारण होते हे मी सिद्ध करू शकत नाही. पण पाण्यातील संरक्षण काढून टाकण्याचा आणि नंतर ते पाणी उघड्यावर ठेवण्याचा सल्ला मीच दिला होता, हे मला नाकारता येत नाही.

त्या प्रसंगाने मला या विषयाचा पुन्हा अभ्यास करावयास लावले. प्रस्तुत लेख हा त्या अभ्यासाचा सारांश असून, माझ्या व्यवसायबंधूंना तो उजळणीसारखा वाटला तर त्यांनी क्षमा करावी. माधव नगरातील गृहिणींना मात्र तो उपयोगी पडावा, एवढीच अपेक्षा आहे.

वासाचा इतिहास

क्लोरीनचा आणि वैद्यकाचा संबंध जुना आहे. शील या शास्त्रज्ञाने १७७४ साली हा वायू प्रथम तयार केला. १८४७ साली व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुण्याची सक्ती केली आणि सूतिकाज्वराने होणारे मृत्यू झपाट्याने खाली आले. तेव्हा जंतूंचा सिद्धांत अद्याप प्रस्थापितही झाला नव्हता. मृतदेहांचा दुर्गंध ज्या द्रव्याने जातो, त्याने रोगाचे बीजही जात असावे, एवढाच त्यांचा तर्क होता.

शहराच्या पाणीपुरवठ्यात क्लोरीनचा अखंड वापर होऊ लागला तो विसाव्या शतकाच्या आरंभी. इंग्लंडमधील लिंकन शहरात १९०५ साली विषमज्वराच्या साथीत तो सुरू झाला. अमेरिकेत १९०८ साली जर्सी सिटीच्या बूंटन जलाशयावर तो सुरू करणारे जॉन लील हे व्यवसायाने डॉक्टर होते. त्यांचे वडीलही डॉक्टर होते आणि युद्धकाळात जडलेल्या आमांशाने अनेक वर्षे झिजून त्यांचा अंत झाला होता. लील यांनी कोणाची पूर्वपरवानगी न घेता पाण्यात "विष" मिसळले म्हणून प्रकरण न्यायालयात गाजले. निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि त्यानंतर अमेरिकेतील शहरांमागून शहरांनी हा मार्ग स्वीकारला. पाण्यात औषध घालण्याविषयीची लोकांची धास्ती ही तेव्हापासूनची आहे, आजची नव्हे.

आपल्याकडील वयोवृद्धांना विहिरीत पोटॅशियम परमँगनेट टाकून पाणी गुलाबी झालेले आठवत असेल. पटकीच्या साथीत हा उपाय गेल्या शतकात सर्वत्र होत असे, परंतु आता त्याची शिफारस केली जात नाही. त्याची जागा ब्लीचिंग पावडरने घेतली. विहिरीत ती हळूहळू झिरपत राहावी यासाठी नागपूरच्या 'नीरी' या राष्ट्रीय संस्थेने दुहेरी मडक्याची युक्ती काढली. एकात एक बसणारी दोन मडकी, प्रत्येकाला सुमारे १ सेंटिमीटरचे एकेक भोक, आत १ किलो ब्लीचिंग पावडर आणि २ किलो जाड वाळू यांचे ओलसर मिश्रण. हे मडके पाण्याच्या पातळीखाली १ मीटर सोडले की सुमारे ४,५०० लिटर पाण्याची घरगुती विहीर दोन ते तीन आठवडे सुरक्षित राहते. वैद्यकीय महाविद्यालयात आपण सर्वांनी हे परीक्षेपुरते पाठ केले आणि बहुतेकांनी परीक्षेनंतर विसरूनही टाकले!

क्लोरीन पाण्यात काय करतो?

क्लोरीन पाण्यात मिसळला की हायपोक्लोरस आम्ल तयार होते. जंतुनाशाचे मुख्य काम तेच करते. घातलेल्या क्लोरीनपैकी काही भाग पाण्यातील सेंद्रिय द्रव्ये, अमोनिया आणि जंतू यांच्यावर खर्च होतो. तो खर्च भागून जो मोकळा उरतो त्याला अवशिष्ट क्लोरीन म्हणतात. किमान अर्धा तास संपर्क झाल्यावर उरलेला हा अंशच आपला खरा राखणदार असतो. जलशुद्धीकरण केंद्रातून निघालेले पाणी आपल्या घरी येईपर्यंत मैलोगणती नळातून प्रवास करते. वाटेत काही दूषित अंश शिरला तर त्याच्याशी झुंजण्यासाठी हा अवशेष ठेवलेला असतो.

भारतीय मानक संस्थेच्या १०५०० क्रमांकाच्या मानकानुसार (२०१२) ग्राहकाच्या नळाशी हे प्रमाण किमान ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर असावे. विषाणूंपासून संरक्षण हवे असेल तेव्हा ते किमान ०.५ असावे, आणि अन्य पर्याय नसल्यास १ मिलिग्रॅमपर्यंत चालू शकते. जागतिक आरोग्य संघटनेची आरोग्यविषयक कमाल मर्यादा ५ मिलिग्रॅम प्रति लिटर आहे. काही संवेदनशील व्यक्तींना मात्र ०.३ मिलिग्रॅमलाही वास किंवा चव जाणवते. म्हणजेच आपले नाक या बाबतीत भलतेच तीक्ष्ण आहे. वास आला याचा अर्थ प्रमाण घातक झाले असा होत नाही. बहुधा त्याचा अर्थ एवढाच की राखणदार जागेवर आहे.

हानीविषयीचे आक्षेप

आता आक्षेपांकडे वळू. ते सर्वच निराधार नाहीत, म्हणून त्यांची प्रामाणिक उत्तरे दिली पाहिजेत.

पहिला आक्षेप कर्करोगाचा. १९७४ साली रॉटरडॅमचे रसायनशास्त्रज्ञ रूक यांनी दाखवून दिले की पाण्यातील कुजलेल्या पालापाचोळ्यासारख्या सेंद्रिय द्रव्यांशी क्लोरीनचा संयोग होऊन ट्रायहॅलोमिथेन वर्गातील संयुगे तयार होतात. क्लोरोफॉर्म हे त्यांपैकीच एक. अशा संयुगांचा दीर्घकाळ संपर्क आणि मूत्राशयाचा कर्करोग यांचा काही संबंध अनेक अभ्यासांत आढळला आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या युरोपातील २६ देशांच्या अभ्यासाने तेथील मूत्राशयाच्या कर्करोगापैकी सुमारे ५ टक्के रुग्ण या संयुगांमुळे असू शकतील असा अंदाज मांडला. याउलट, आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९१ साली क्लोरीनयुक्त पिण्याच्या पाण्याचे मूल्यमापन करून ते "वर्गीकरण करता येत नाही" अशा गटात ठेवले होते. थोडक्यात, धोका शून्य नाही. तो लहान आहे आणि अनेक दशकांच्या सेवनाचा आहे. त्यावरील उपाय क्लोरीन बंद करणे हा नसून क्लोरीन घालण्यापूर्वी पाण्यातील गाळ व सेंद्रिय द्रव्ये तुरटी आणि गाळणीने काढून टाकणे हा आहे.

दुसरा आक्षेप पोटाचा. क्लोरीनने आतड्यातील उपकारक जीवाणू मरतात असे हल्ली पुष्कळ ऐकू येते. पिण्याच्या पाण्यातील अल्प क्लोरीन लाळ व अन्न यांच्याशी संयोग पावून लगेच निरुपद्रवी क्लोराइडमध्ये रूपांतरित होतो. ढाका शहरातील वस्त्यांत सार्वजनिक नळांना आपोआप क्लोरीन सोडणारे यंत्र बसवून एक अभ्यास झाला आणि तो २०१९ साली प्रसिद्ध झाला. क्लोरीन मिळालेल्या मुलांत अतिसाराचे प्रमाण २३ टक्क्यांनी कमी आढळले, आणि प्रतिजैविकांचा वापरही घटला. त्याच मुलांच्या शौचाच्या नमुन्यांचा पुढे अभ्यास झाला, तेव्हा आतड्यातील जीवाणूंची विविधता घटल्याचे दिसले नाही. एका बालरोगतज्ज्ञाला याहून अधिक काय हवे?

तिसरा आक्षेप त्वचा, केस आणि दमा यांचा. इसब असलेल्या मुलांची त्वचा अंघोळीनंतर कोरडी पडते, आणि क्लोरीन त्यात थोडी भर घालू शकतो. कोमट पाण्याची अल्पकाळ अंघोळ आणि लगेच अंगाला तेल किंवा मलम हा त्यावरचा सोपा उपाय आहे. दम्याचा त्रास प्रामुख्याने बंदिस्त पोहण्याच्या तलावांत होतो. तेथे घाम व लघवीतील द्रव्यांशी संयोग होऊन क्लोरामाइन वायू साचतात. घरच्या नळाशी त्याची तुलना करू नये. केस गळण्याचे खापर नळाच्या क्लोरीनवर फोडण्यास भक्कम पुरावा नाही.

एक अपवाद मात्र गंभीर आहे. डायलिसिसच्या यंत्रात क्लोरीन किंवा क्लोरामाइनयुक्त पाणी गेले तर ते थेट रक्ताच्या संपर्कात येते आणि तांबड्या पेशी फुटतात. म्हणून तेथे कार्बन गाळणी व तिची रोजची तपासणी अनिवार्य आहे. दुसरी घरगुती दुर्घटना म्हणजे ब्लीचिंग पावडर आणि संडास धुण्याचे आम्ल एकत्र करणे. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि कोंदट न्हाणीघरात तो जीवघेणा ठरू शकतो. कामवाल्या ताईंना हे आवर्जून सांगावे.

क्लोरीन नसेल तर?

आता दुसरी बाजू. १९५५च्या नोव्हेंबरात दिल्लीच्या नळाच्या पाण्यात मैलापाणी शिरले. यंत्रणेने क्लोरीनचे प्रमाण वाढविले. परिणाम असा की विषमज्वर आणि आमांश यांची साथ आली नाही, परंतु सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या शास्त्रज्ञांचा सहभाग असलेल्या १९८० सालच्या संशोधनाने, जपून ठेवलेल्या रक्तद्रवाच्या आधारे, ती कावीळ 'अ' किंवा 'ब' प्रकारची नव्हती हे दाखविले. आज आपण तिला 'ई' प्रकारची कावीळ म्हणतो. या एका घटनेत क्लोरीनचे सामर्थ्य आणि मर्यादा दोन्ही दिसतात. जीवाणूंवर तो भारी पडला, पण मैल्याच्या लोंढ्यातील विषाणूंना पुरा पडला नाही. क्रिप्टोस्पोरिडियमसारखे परजीवी तर नेहमीच्या मात्रेला दादच देत नाहीत.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्त्यालगत नांदेड, किरकटवाडी, धायरी या परिसरांत गिलेन बारे सिंड्रोमचे रुग्ण एकाएकी वाढले. संशयित रुग्णांची संख्या २०० च्या वर गेली. धडधाकट माणसाचे पाय दोन दिवसांत लुळे पडावेत, श्वासासाठी यंत्र लावावे लागावे, असा हा आजार. काही रुग्णांच्या शौचात कॅम्पिलोबॅक्टर जेजुनाय हा जीवाणू आढळला, आणि संशयाची सुई पाण्याकडे वळली. पुढे तपासणीत काही खाजगी आरओ केंद्रांचे पाणीही दूषित निघाले व महापालिकेने ती केंद्रे बंद केली. "आरओचे पाणी" या शब्दांवर आपण डोळे मिटून विश्वास ठेवतो, म्हणून हे मुद्दाम नोंदवितो.

आणि अगदी शेजारची घटना. डिसेंबर २०२५ च्या अखेरीस इंदूरच्या भागीरथपुरा वस्तीत पिण्याच्या पाण्याच्या मुख्य नळात मैलापाणी मिसळले. शेकडो लोक रुग्णालयात दाखल झाले आणि अनेकांनी प्राण गमावले. स्वच्छतेच्या स्पर्धेत वर्षानुवर्षे देशात पहिल्या आलेल्या शहरात हे घडले. झाडलेले रस्ते डोळ्यांना दिसतात, जमिनीखालचे नळ दिसत नाहीत. इतक्या मोठ्या प्रमाणात मैला शिरला तर ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन तो निस्तरू शकत नाही, हे खरे. पण तेथेही त्याचे एक काम उरते. नळातील अवशिष्ट क्लोरीन एकाएकी नाहीसा होणे, हा वाटेत काहीतरी शिरल्याचा सर्वात स्वस्त व सर्वात लवकर मिळणारा इशारा असतो. जंतुपरीक्षेचा अहवाल येण्यास एक-दोन दिवस लागतात. क्लोरीनची परीक्षा दोन मिनिटांत होते. मात्र ती रोज आणि शेवटच्या घराच्या नळावर केली पाहिजे.

आपल्या उज्जैनची स्थिती

आपले पाणी प्रामुख्याने गंभीर नदीवरील अंबोदियाच्या धरणातून येते, आणि क्षिप्रेवरील गऊघाटचे केंद्र आपल्या परिचयाचे आहेच. इंदूरहून येणारी खान नदी त्रिवेणीजवळ क्षिप्रेला मिळते व शहराचे सांडपाणी घेऊन येते. अशा पाण्यात अमोनिया व सेंद्रिय द्रव्ये अधिक असतात, आणि त्यांच्यावर क्लोरीन आधीच खर्ची पडतो. २०१४ साली नर्मदेचे पाणी क्षिप्रेत आणले गेले, तरी हा प्रश्न पुरता सुटलेला नाही.

त्यातच आपला पुरवठा अखंड नाही. नळ थोडाच वेळ येतो आणि उन्हाळ्यात कधी दिवसाआड. नळ बंद असताना त्यातील दाब नाहीसा होतो आणि फुटक्या सांध्यांतून बाहेरचा ओलावा आत शोषला जातो. त्यात आपण टुल्लू पंप लावतो. तो पाण्याबरोबर गटारही ओढू शकतो, हे लक्षात घेत नाही. शेजाऱ्याच्या वाट्याचे पाणी जाते हा त्यातला नैतिक दोष. स्वतःच्या मुलाच्या पेल्यात काय येते, हा आरोग्याचा.

बाळाच्या त्या आजारानंतर मी क्लोरोस्कोप विकत घेतला. नळीत पाणी घेऊन थेंब टाकले की क्लोरीन असल्यास पिवळा रंग येतो. हल्ली डीपीडी पद्धतीची गुलाबी रंगाची परीक्षा अधिक बरी मानतात. त्या आजींच्या घरी नळाच्या पाण्याला फिकट पिवळा रंग आला. रात्रभर उघड्या ठेवलेल्या पातेल्यातील पाणी निव्वळ पांढरे राहिले. आजी चष्मा सावरीत दोन्ही नळ्यांकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे वास गेला तेव्हाच औषधही गेले होते!" एवढ्या सोप्या शब्दांत मला वर्गात कोणी शिकविले नव्हते.

घरोघरी काय करावे?

१. नळ आल्यावर पहिले पाणी वापरण्यासाठी वेगळे काढावे. पिण्याचे पाणी अरुंद तोंडाच्या, झाकणाच्या, रोज घासलेल्या भांड्यात भरावे. ते तोटीने किंवा लांब दांड्याच्या ओगराळ्याने घ्यावे आणि चोवीस तासांत संपवावे.

२. वास सहन होत नसेल तर प्यावयाच्या वेळी पेल्यात ओतून थोडा वेळ थांबावे. साठवणीचे भांडे उघडे ठेवू नये.

३. तान्ह्यांना सहा महिने केवळ आईचे दूध द्यावे, वरचे पाणी नको. त्यानंतर, तसेच साथीच्या काळात, पाणी खळखळून उकळावे व झाकूनच गार करावे. उकळल्याने क्लोरीनही जातो. म्हणून ते पाणी पुन्हा दूषित होऊ देऊ नये.

४. आरओ यंत्रातील कार्बन क्लोरीन काढून टाकतो. त्यामुळे त्याच्या टाकीतील पाण्याला राखणदार उरत नाही. टाकी व गाळण्या वेळेवर स्वच्छ कराव्यात. पाण्यातील क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमहून कमी असतील तर आरओची गरजच नसते.

५. छतावरील टाकीत ब्लीचिंग पावडर अंदाजाने टाकू नये. १,००० लिटर स्वच्छ पाण्यास सुमारे २.५ ग्रॅम ताजी पावडर पुरते. ती थोड्या पाण्यात कालवून चुना खाली बसू द्यावा, वरची निवळी टाकीत ओतावी आणि किमान अर्धा तास थांबावे. पाणी गढूळ असेल तर आधी तुरटी फिरवावी.

६. पाण्याला गटाराचा वास आला, रंग बदलला किंवा एका गल्लीत दोन-तीन घरी जुलाब सुरू झाले तर त्याच दिवशी महापालिकेकडे लेखी तक्रार करावी, आणि पाणी उकळून प्यावे.

माझ्या व्यवसायबंधूंना एक विनंती आहे. अतिसाराचा रुग्ण आला की आपण जुलाब किती, ताप आहे का, असे विचारतो. त्यात आणखी एक प्रश्न घालू या : "पिण्याचे पाणी कोठले आणि ते कसे ठेवता?" प्रतिजैविकांना न जुमानणारे जंतू आज आपल्या मुलांच्या आतड्यांत वस्तीला आले आहेत. अशा वेळी औषधांची नवी नावे शोधण्यापेक्षा रोगाची वाट अडविणे शहाणपणाचे आहे. आपल्या मंडळाने चार-पाच परीक्षा संच घेऊन माधव नगराच्या निरनिराळ्या गल्ल्यांतील शेवटच्या घरांचे पाणी दर आठवड्यास तपासावे, त्याची वही ठेवावी आणि प्रमाण शून्य आले की तत्काळ महापालिकेस कळवावे, असे मी सुचवितो. खर्च अल्प आहे, श्रम दहा मिनिटांचे आहेत. २०२८ च्या सिंहस्थात कोट्यवधी भाविक या नगरीत येतील. तोपर्यंत आपल्या हाती दोन-अडीच वर्षांची अशी वही असली, तर आपले म्हणणे अंदाजाचे न राहता आकड्यांचे होईल.

ते बाळ आता शाळेत जाते. आजी अधूनमधून दूरध्वनी करतात. गेल्या पावसाळ्यात त्यांचा असाच दूरध्वनी आला. स्वर काळजीचा होता.

"डॉक्टरसाहेब, दोन दिवसांपासून नळाच्या पाण्याला वासच येत नाही. तुमची ती नळी घेऊन जरा येऊन जाता का?"

मी त्याच संध्याकाळी गेलो.